जुन्या टूरिंग कार आणि त्यांचे वस्ताद: ब्रिटनमध्ये पहिल्यांदा रेस बघायला जाणाऱ्यांसाठी

माझी पहिली टूरिंग कार रेस मी जवळजवळ वाया घालवली. रविवारी दुपारी ब्रँड्स हॅच सर्किटला पोचले, तोवर पिट लेनमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या गल्लीत, लोकांना सोडायची वेळ संपली होती. एका वळणापाशी उभी राहून दोन शर्यती पाहिल्या. कोण पुढे, कोण मागे, काही कळलं नाही. तिसरीच्या आधी पावसात भिजून घरी परतले. पॅडॉक नावाची जागा असते, जुन्या गाड्यांच्या कार्यक्रमात तिथे आपल्यालाही फिरता येतं, गाड्या हाताच्या अंतरावर उभ्या असतात आणि एकेकाळी त्या पळवलेली माणसं शेजारीच चहा पीत बसलेली असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांनी बाबा सांगलीहून आमच्याकडे आले. त्यांनी पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं आहे. त्यांना घेऊन गेले तेव्हा मात्र आधी सगळी चौकशी केली, आणि त्या दिवसाचा विषय आमच्या घरात अजून निघतो. शिक्षणाला किंवा नोकरीला इकडे आलेल्या, गाड्यांची आवड असलेल्या, पण कुठून सुरुवात करायची ते न उमगलेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. आईवडील उन्हाळ्यात इकडे येणार असतील तर जरूर वाचा.

१. आधी खेळ समजून घ्या

फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर दिसत नाही. टूरिंग कार दिसते. शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली चार दारांची सलून किंवा हॅचबॅक घ्यायची, आतलं सगळं काढून टाकायचं, लोखंडी पिंजरा बसवायचा आणि शर्यतीत उतरवायची, हा मूळ विचार. बाहेरून गाडी ओळखीची राहते. गाड्या एकमेकींना घासतात, धक्के देतात, आरसे उडतात, वळणाच्या कडेवर चढून दोन चाकांवर येतात, आणि तरी पळत राहतात.

ब्रिटनमध्ये हे १९५८ पासून चाललं आहे. तेव्हा नाव ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप होतं, १९८७ पासून ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप, म्हणजे बीटीसीसी. पहिल्याच वर्षी जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. निकाल लावायचा कसा? दोघांना रायली १.५ या एकसारख्या दोन गाड्या दिल्या, पाच फेऱ्या पळवल्या, गाड्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा पाच फेऱ्या. सीअर्स १.६ सेकंदांनी जिंकले. हा किस्सा लक्षात ठेवा, रायलीचा संबंध पुढे आपल्याकडच्या एका गाडीशी येणार आहे.

२. कोणत्या कार्यक्रमाला जायचं ते ठरवा

नवखी माणसं पहिली चूक इथेच करतात. 'टूरिंग कार रेस' म्हणून तिकीट काढतात आणि तिथे गेल्यावर सगळ्या आजच्या गाड्या बघून हिरमुसतात, किंवा याच्या उलट होतं.

बीटीसीसीचा वीकेंड म्हणजे आजची स्पर्धा. शनिवारी सराव आणि पात्रता फेरी, रविवारी तीन शर्यती. प्रत्येक शर्यत साधारण वीस-पंचवीस मिनिटांची. तिसऱ्या शर्यतीत पुढच्या काही गाड्यांचा क्रम उलटा लावतात, म्हणून जिंकणाऱ्याला मागून यावं लागतं. माझ्या मते दिवसातली सगळ्यात बघण्यासारखी शर्यत तीच, आणि मी नेमकी तीच सोडून घरी गेले होते. मधल्या वेळात लहान मालिकांच्या शर्यती चालू असतात.

जुन्या गाड्या बघायच्या असतील तर हिस्टॉरिक कार्यक्रम शोधा. सुपर टूरिंग, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या गाड्यांवर जीव असेल तर ब्रँड्स हॅचचा 'सुपर टूरिंग पॉवर' हा वीकेंड थेट त्यांच्यासाठीच असतो. ऑगस्टच्या शेवटी सिल्व्हरस्टोन फेस्टिव्हल असतो, तो फार मोठा आहे आणि एका दिवसात पाय दुखतात. गुडवुड सर्किटवर वसंतात मेंबर्स मीटिंग होते, तिथे सत्तरच्या दशकातल्या सलूनसाठी गेरी मार्शल ट्रॉफी असते. सप्टेंबरात गुडवुड रिव्हायव्हल, त्यातली सेंट मेरीज ट्रॉफी एका वर्षी पन्नाशीच्या आणि दुसऱ्या वर्षी साठीच्या दशकातल्या सलूनची, आणि एकेका गाडीत मालकासोबत नावाजलेला व्यावसायिक ड्रायव्हर आळीपाळीने बसतो.

रिव्हायव्हलला लोक जुन्या काळचे कपडे घालून येतात, कारण ते सर्किट १९४८ ते १९६६ या काळात चालत होतं आणि तोच काळ तिथे पुन्हा उभा करतात. काय घालायचं म्हणून घाबरू नका. माझ्या आईने तिची जुनी पाचवारी नेसली, लांब हाताचं पोलकं, वर कोट. दिवसभर लोक थांबून कौतुक करत होते. फक्त कोल्हापुरी चपला नकोत, गवतात चिखल असतो.

पहिल्यांदाच जात असाल आणि एकच निवडायचं असेल, तर सुपर टूरिंगच्या गाड्या असलेला हिस्टॉरिक वीकेंड निवडा. गर्दी आटोक्यात असते आणि पॅडॉकमध्ये मोकळेपणी फिरता येतं.

३. एक गाडी आणि एक ड्रायव्हर पाठ करा

ही पायरी लोक वगळतात. माझं ऐका, वगळू नका. नुसतं 'लाल गाडी पुढे, निळी मागे' असं बघितलं तर तासाभरात कंटाळा येतो. एका गाडीची गोष्ट माहीत असली की ती कितव्याही नंबरावर असो, डोळे तिच्यावरच राहतात. घाटात बैलगाडा बघणारा माणूस बैलाच्या नावाने आणि त्याच्या मालकाच्या गावाने बघतो, तसंच हे आहे.

सुरुवातीला मला ज्या गोष्टींनी धरून ठेवलं त्या सांगते.

फोर्ड सिएरा आरएस५००. त्या काळच्या नियमांत गाडी शर्यतीत उतरवायची तर तशाच ठरावीक गाड्या बनवाव्या लागत. १९८७ मध्ये ५०० गाड्या बनवल्या आणि आकडा नावालाच चिकटला. टर्बो इंजिन, शर्यतीच्या रूपात ५०० अश्वशक्तीच्या आसपास, आणि ताकद सगळी मागच्या चाकांवर. ओल्या रस्त्यावर तिला सांभाळणारे ड्रायव्हर बघताना श्वास रोखला जातो. १९९० नंतर तो वर्ग बंद झाला.

त्यानंतर सुपर टूरिंग आलं. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, ८५०० आरपीएमची मर्यादा. नियम साधे, म्हणून कंपन्या तुटून पडल्या: फोर्ड, व्हॉक्सहॉल, रेनॉ, बीएमडब्ल्यू, आल्फा रोमिओ, व्होल्वो, निस्सान, होंडा, ऑडी, टोयोटा, प्यूजो. १९९४ मध्ये व्होल्वोने ८५० एस्टेट उतरवली, म्हणजे मागे सामानाची लांब जागा असलेली घरगुती गाडी. रिकार्ड रायडेल आणि यान लामर्स ती चालवत. त्याच वर्षी आल्फा रोमिओ १५५ गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख, म्हणजे पुढचा स्प्लिटर आणि मागचा उंच स्पॉयलर, घेऊन आली. गॅब्रिएल तार्क्विनी यांनी पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या आणि बाकीच्यांनी तक्रार केली. वाद इतका पेटला की आल्फाचा संघ ओल्टन पार्क सर्किटवरून गाड्या घेऊन निघून गेला. शेवटी तडजोड झाली आणि तार्क्विनीच विजेते ठरले. पुढच्या वर्षी पंख सगळ्यांनाच मिळाले, आणि व्होल्वोने एस्टेट सोडून सलून घेतली.

या कंपन्यांनी इतका पैसा ओतला की खेळच महाग झाला. २००० सालापर्यंत कारखान्यांचे संघ तीनच उरले: फोर्ड, व्हॉक्सहॉल आणि होंडा. २००१ पासून नियम बदलले. जुन्या गाड्या विकल्या गेल्या, काही वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिल्या. आज ज्या धावताना दिसतात त्या कोणा ना कोणा मालकाने शोधून, सुटे भाग नव्याने करवून घेऊन पुन्हा उभ्या केल्या आहेत.

आता ड्रायव्हर. अँडी राउझ यांनी चार वेळा विजेतेपद मिळवलं, १९७५ ला ट्रायम्फ डॉलोमाइट स्प्रिंटमध्ये, मग १९८३, १९८४ आणि १९८५ ला ओळीने आल्फा, रोव्हर आणि फोर्ड अशा तीन वेगवेगळ्या गाड्यांत. ते स्वतः गाड्या बांधणारे इंजिनिअर. जॉन क्लीलँड १९८९ ला व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रात आणि १९९५ ला कॅव्हलिअरमध्ये जिंकले. १९९२ चं विजेतेपद सिल्व्हरस्टोनच्या शेवटच्या शर्यतीत स्टीव्ह सोपर यांच्याशी झालेल्या टकरीत त्यांच्या हातून गेलं आणि सोपर यांचे सहकारी टिम हार्वी विजेते झाले. त्या टकरीवर लोक आजही चहाच्या टेबलावर भांडतात. मॅट नील यांनी १९९९ मध्ये डॉनिंग्टनला खासगी संघाच्या निस्सान प्रिमेरात शर्यत जिंकली आणि कारखान्यांच्या संघांना हरवणाऱ्या पहिल्या खासगी ड्रायव्हरसाठी ठेवलेलं अडीच लाख पौंडांचं बक्षीस नेलं. पुढे तीनदा विजेतेपदही मिळवलं. जेसन प्लेटो यांच्या नावावर ९७ विजय आहेत. २०२२ च्या हंगामाअखेर ते थांबले.

आणि तार्क्विनी. १९९४ च्या त्या वादळानंतर २००९ मध्ये ते टूरिंग कारचे जगज्जेते झाले. त्यानंतर २०१८ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, ह्युंदाईत बसून त्यांनी वर्ल्ड टूरिंग कार कप जिंकला. आपल्या तालमीत वस्ताद मातीत उतरले की पोरं उभी राहतात. या माणसांचं नाव लाउडस्पीकरवर पुकारलं की टेकडीवरची माणसं तशीच उभी राहतात.

यांतलं कोणतंही एक निवडा. पात्रता फेऱ्यांचे आणि जुन्या शर्यतींचे व्हिडिओ दोन-तीन संध्याकाळी बघा. एवढं पुरतं.

आपल्याकडच्या गाड्यांचा धागाही जुळवून बघा, त्यात फार मजा आहे. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे आलेली स्टँडर्ड २००० आठवते? तिचा सांगाडा रोव्हर एसडी१ चा, म्हणजे राउझ आणि सोपर ज्या रोव्हरमध्ये धावले तीच गाडी. फक्त आपल्याकडे तिच्यात जुनं, दमलेलं इंजिन बसवलं होतं. काँटेसा मूळची व्हॉक्सहॉल. सिएलो त्याच घराण्यातली ज्यातली क्लीलँड यांची १९८९ ची अ‍ॅस्ट्रा. फोर्डची माँडिओ तर आपल्याकडे शोरूममध्ये होती.

४. तिकीट

कार्यक्रमाचं तिकीट सर्किटच्या किंवा आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा. गेटवर बहुधा महाग पडतं, आणि गुडवुड रिव्हायव्हलचं तर गेटवर मिळतच नाही. बऱ्याच सर्किटांवर १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांसोबत मोफत प्रवेश असतो.

तिकीट काढताना तीन गोष्टी वाचा: पॅडॉक समाविष्ट आहे का, पिट लेनमध्ये फिरण्याची वेळ कोणती आणि तिचे वेगळे पैसे आहेत का, आणि गाडी लावायचे पैसे धरले आहेत का. ग्रँडस्टँडची जागा पहिल्या खेपेला घेऊ नका. एका खुर्चीत अडकाल आणि एकच वळण बघाल. आईवडिलांच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

५. पोचायचं कसं

सर्किटं जुन्या विमानतळांवर किंवा शेतांमध्ये आहेत, रेल्वे स्टेशन दारात नसतं. ब्रँड्स हॅचसाठी जवळचं स्टेशन स्वॉनली, लंडन व्हिक्टोरियाहून गाड्या आहेत, पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवा, संध्याकाळी सगळे एकदम निघतात. रविवारी रेल्वेची दुरुस्तीची कामं निघतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. गुडवुडसाठी चिचेस्टर.

गाडीने जात असाल तर ब्रँड्स हॅच एम२५ च्या जंक्शन ३ पासून ए२० वर आहे. नुकते आलेल्यांसाठी: भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पण विम्यात तुमचं नाव असायलाच हवं. मित्राची गाडी 'एकच दिवस' म्हणून विम्याशिवाय घेऊ नका.

सकाळी साडेआठपर्यंत आत असा. यात तडजोड करू नका.

६. सोबत काय घ्यायचं

• तिकीट फोनवर आणि शिवाय कागदावरही. गर्दीत नेटवर्क जातं.
• लायसन्स किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र.
• कानात घालायचे इयरप्लग. लहान मुलांसाठी कानावर बसणारे मोठे. आईवडिलांना 'काही होत नाही' म्हणू देऊ नका, ८५०० आरपीएमवर फिरणारी वीस इंजिनं एकदम सुटतात.
• रेनकोट, टोपी, एक जादा स्वेटर, तिन्ही जूनमध्येसुद्धा. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही आणि वाऱ्यात उलटते.
• घडीची खुर्ची किंवा जाड सतरंजी.
• जेवणाचा डबा आणि थर्मास. बहुतेक सर्किटांवर स्वतःचं खाणं आणू देतात. आत शाकाहारी माणसाला बटाट्याचे काप आणि चहा यापलीकडे फारसं मिळेलच असं नाही. आम्ही धपाटे आणि दाण्याची चटणी नेतो, दिवसभर टिकतात.
• कार्यक्रमपत्रिका गेटवर विकत घ्या. गाडी नंबर आणि ड्रायव्हरचं नाव जुळवायला तिच्याशिवाय पर्याय नाही.
• एक काळा आणि एक चंदेरी पक्क्या शाईचा मार्कर, सही घ्यायची असेल तर. गडद रंगाच्या खेळण्यातल्या गाडीवर काळी सही दिसत नाही.

७. उभं कुठे राहायचं

ब्रँड्स हॅचचं लहान सर्किट, इंडी, साधारण दोन किलोमीटरचं आहे आणि एका वाटीच्या आकाराच्या दरीत बसलं आहे. साउथ बँक नावाच्या गवताळ उतारावर बसलात तर जवळजवळ सगळं सर्किट दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी. आजच्या बीटीसीसी गाड्या इथे ४८ सेकंदांच्या आसपास फेरी मारतात, म्हणजे डोळ्यांना उसंत नाही.

एखादी शर्यत मात्र पॅडॉक हिलच्या वळणापाशी बघा. सरळ रस्ता संपतो आणि गाडी उजवीकडे वळता वळता कड्यावरून उतरल्यासारखी खाली जाते. टीव्हीवर हा उतार कळतच नाही. मग चढ चढून ड्रुइड्सचं तीव्र वळण, तिथून खाली ग्रॅहम हिल बेंड. गाड्या एकमेकींना ढकलतात त्या बहुधा इथेच.

दुसरं कुठलं सर्किट जवळ असेल तर ते बघा. थ्रक्सटन सगळ्यात वेगवान आहे, स्कॉटलंडमधलं नॉकहिल सगळ्यात चढउताराचं. माझा जीव ब्रँड्स हॅचवर आहे, मी निःपक्ष सल्ला देऊ शकत नाही.

लाउडस्पीकरवरचं समालोचन ऐकत राहा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, तिथे ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे शर्यत थांबवली. लाल झेंडा दिसला की लगेच उठून जाऊ नका, बहुतेक वेळा शर्यत पुन्हा सुरू होते.

८. पॅडॉकमध्ये

दिवसाचा निम्मा वेळ इथे द्या. मी तर म्हणेन, दोन शर्यती चुकल्या तरी चालतील.

पॅडॉक म्हणजे पिटच्या मागचं मोकळं आवार. हिस्टॉरिक कार्यक्रमात तंबूंखाली गाड्या बोनेट उघडून उभ्या असतात, मेकॅनिक काम करत असतात, आणि मालक बाजूला सँडविच खात असतो. दोरी नसली तरी तंबूच्या आत पाऊल टाकण्याआधी विचारा. नजरानजर झाली, हसलात आणि 'जवळून बघू का?' म्हणालात की नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. गाडीला हात लावायचा नाही, टेकायचं नाही. बॅगेची झिप आणि कमरेचा पट्टा रंगावर घासतो.

गाड्या माणसांमधूनच ये-जा करतात. शिट्टी ऐकू आली किंवा इंजिन जवळ आलं की बाजूला व्हा. मुलांचा हात सोडू नका. रेसच्या गाडीतून मागचं नीट दिसत नाही.

काय बघायचं ते सांगते. सुपर टूरिंग गाडीचं बोनेट उघडं असेल तर इंजिन किती खाली आणि किती मागे, जवळजवळ डॅशबोर्डच्या भिंतीला चिकटवून बसवलंय ते बघा. ड्रायव्हरची सीट मूळ जागेपासून मागे आणि आत सरकवलेली असते. वजन मध्यभागी आणायचा हा सगळा खटाटोप. वेगवेगळ्या गाड्या सुरू होताना कान द्या: व्होल्वोची पाच सिलिंडरं, माँडिओची सहा, बाकीच्यांची चार. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ओळखाल.

इथे एक सापळा आहे. बाहेरच्या मैदानात गाडीप्रेमी क्लबांच्या गाड्या लावलेल्या असतात. त्यांतल्या कित्येक रस्त्यावरच्याच गाड्या, वरून जुन्या रेस संघाचे रंग आणि स्टिकर लावलेल्या. प्रेमाने केलेल्या असतात, जरूर बघा, पण ती खरी रेसगाडी समजून घरी फोटो पाठवू नका. आत पूर्ण पिंजरा आहे का, मागची सीट आणि दारांचं अस्तर काढलंय का, सीट मागे सरकवली आहे का, ते बघा. खऱ्या गाडीचा मालक चेसिस नंबरापासून सुरुवात करतो आणि कोणत्या वर्षी कोणी चालवली इथपर्यंत सगळं सांगतो.

बाबांना घेऊन गेले त्या दिवशी साठीच्या दशकातल्या सलूनचीही शर्यत होती. सुपर टूरिंगचे तंबू बघून बाबा गप्प होते, आदराने गप्प. मग एका छोट्या गोलसर गाडीपाशी थांबले, उघड्या बोनेटमध्ये वाकले आणि मराठीत ओरडलेच, "अगं, हे तर आपल्या अँबॅसिडरचं इंजिन!" गाडी रायली १.५ होती. त्यांचं बरोबर होतं: रायलीत आणि आपल्या अँबॅसिडरमध्ये बीएमसी कंपनीचं एकाच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन. ज्या जातीच्या गाडीने १९५८ चा निकाल लागला, तिचं हृदय सांगली-मिरजेच्या टॅक्सी स्टँडवर वर्षानुवर्षं धडधडत होतं. बाबांनी त्या इंजिनाची किती हेड उतरवली असतील याची गणती नाही. मालकाने त्यांच्या हातात टॉर्च दिला. पुढचा पाऊण तास मी दोघांमध्ये दुभाष्याचं काम केलं, कार्ब्युरेटर आणि टॅपेटच्या फटीबद्दल, आणि त्यातला निम्मा भाग मला मराठीतही कळत नव्हता.

तेव्हा वडीलधाऱ्यांना नेत असाल तर त्यांनी आयुष्यात कोणती गाडी चालवली, दुरुस्त केली किंवा नुसती लांबून बघितली ते आधी विचारून घ्या, आणि पत्रिकेत तिची बहीण शोधा.

९. वस्तादांना भेटताना

जुने ड्रायव्हर हिस्टॉरिक कार्यक्रमांत दोन तऱ्हेने भेटतात: काही स्वतः शर्यतीत उतरतात, काही पाहुणे म्हणून येतात. सह्यांची वेळ जाहीर केलेली असते, पण खरी भेट तंबूपाशीच होते.

वेळ ओळखा. शर्यतीआधी अर्धा तास कोणालाही थांबवू नका. हेल्मेट हातात असेल तर अजिबात नाही. शर्यत संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, ओव्हरऑल कमरेपर्यंत उतरवून चहाचा कप हातात आला की जा. गाडी आपटून परत आली असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

हाक काय मारायची? आपल्याला सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं जड जातं. इथे ती रीतच आहे, त्यात कोणाचा अपमान होत नाही. तरी जीभ वळत नसेल तर पहिल्यांदा मिस्टर आणि आडनाव म्हणा, ते स्वतःच 'नावाने बोलाव' म्हणतील.

एकाच वस्तूवर सही मागा. पिशवीतून दहा फोटो काढून पुढे करणारे लोक विकायला आलेत असा समज होतो. सहीआधी प्रश्न विचारा, आणि तो तुमच्या अभ्यासातला असू दे. 'सगळ्यात चांगली गाडी कोणती?' हे त्यांनी हजारदा ऐकलंय. 'एस्टेटचा मागचा भाग ब्रेक मारताना कसा वागायचा?', 'ओल्यात आरएस५०० ला कोणत्या गिअरमध्ये वळवायचं?' असं विचारलं की चेहरा बदलतो. जुन्या टकरींचा विषय आपण काढू नये, त्यांनी काढला तर मन लावून ऐकावं.

बाबांनी एका निवृत्त ड्रायव्हरना माझ्यामार्फत विचारलं, रेसच्या क्लचला पहिला गिअर टाकून गाडी बंद न पाडता सोडायची कशी? ते गृहस्थ उठले, डांबरावर उभे राहिले आणि बूट जेमतेम अर्धा इंच उचलून दाखवला. मग बाबांनी अँबॅसिडरचा क्लच पायाने दाखवला, गुडघा छातीला लागेपर्यंत. दोघे पुन्हा पुन्हा आपापला क्लच दाखवत राहिले. मी भाषांतर करायचं थांबवलं.

ही माणसं साठीच्या, सत्तरीच्या, कधी ऐंशीच्या घरात आहेत. 'पुढच्या वर्षी भेटू' असं ठरवून मी एका तंबूपासून न बोलता परत फिरले होते. पुढच्या वर्षी ते आले नाहीत.

१०. गोडी लागली तर

घरून बीटीसीसी बघायची तर आयटीव्ही४ वर रविवारभर थेट प्रक्षेपण असतं. समालोचनात टिम हार्वी असतात, तेच १९९२ चे विजेते.

तिकीट परवडत नसेल किंवा कुंपणाच्या आतून बघायचं असेल तर मार्शल व्हा. नारिंगी कपड्यांत झेंडे दाखवणारी आणि वळणावर अडकलेल्या गाड्या बाजूला काढणारी ही माणसं स्वयंसेवक असतात. ब्रिटिश मोटरस्पोर्ट्स मार्शल्स क्लबतर्फे नवख्यांना एक दिवस सोबत उभं राहून बघता येतं, आधीच्या अनुभवाची अट नसते. इंग्रजी समजायला हवं, दिवसभर पायावर उभं राहायची तयारी हवी, आणि जाड कापडाचे लांब हाताचे कपडे हवेत, नायलॉनचे नकोत, आगीजवळ ते अंगाला चिकटतात. घोट्याच्या वर येणारे चामड्याचे बूट मी इथल्या सेकंडहँड दुकानातून घेतले, नवे घ्यायची गरज नाही.